कोपर मोकळं झालं, पण ते मोकळं ठेवायचं कसं?

मागच्या भागात आपण दुखापतीनंतर कोपर का आखडतं आणि ऑपरेशनचा विचार कधी करायचा यावर बोललो होतो. आज त्याच्या पुढचं. ऑपरेशन झालं, आखडलेला सांधा सर्जननी मोकळा करून दिला. आता पुढे काय?

हा विषय आजच घ्यायचं कारण म्हणजे मला आलेला एक फोन. पेशंटच्या मुलाचा होता. म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधला व्हिडिओ दाखवला होता. त्यात आईचा हात पूर्ण सरळ होतोय, पूर्ण वाकतोय. आज बारावा दिवस आहे आणि हात त्याच्या निम्मासुद्धा वाकत नाही. आमच्यापासून काही लपवलंय का?"

आई म्हणजे खानावळ चालवणाऱ्या एक बाई. वय पंचावन्नच्या आसपास, उजवा हात. पायरीवरून पडल्या, कोपर निखळलं आणि हाडही मोडलं. ते जुळलं, पण हात अर्धवट वाकलेल्या अवस्थेत अडकून बसला. तोंडापर्यंत जाईना. वर्षभर त्या डाव्या हाताने जेवत होत्या, आणि लग्नकार्यात पंगतीला बसायचं टाळत होत्या. मी त्यांना मावशी म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

तर मुलाला मी सांगितलं की कुणी काही लपवलेलं नाही. तो व्हिडिओ खरा आहे. पण तो भूल दिलेल्या हाताचा आहे. भुलेखाली स्नायू सैल असतात, वेदना नसते, सूज अजून आलेली नसते. सर्जननी आतलं जाड झालेलं आवरण कापलं, अडवणारं हाड काढलं, की तो हात दोराच्या झोक्यासारखा हलतो. त्या रात्रीपासून शरीर आपलं काम सुरू करतं, आणि शरीराच्या दृष्टीने ही एक नवी जखमच असते. ती भरून काढायची, बांधून टाकायची, एवढंच त्याला कळतं.

मेयो क्लिनिकचे कोपराचे सर्जन शॉन ओ'ड्रिस्कॉल आणि त्यांचे सहकारी निकोलस जिओरी यांनी २००० साली हे फार छान मांडलं होतं. सांधा पुन्हा आखडण्याचे चार टप्पे. पहिला रक्तस्रावाचा, काही तासांचा. दुसरा सुजेचा, काही दिवसांचा. तिसऱ्यात नवीन मऊ, लिबलिबीत ऊती भरायला लागते. आणि चौथ्यात त्या ऊतीचा चिवट वण होतो. पहिल्या दोन टप्प्यांत सांध्यात फक्त पाणी आणि रक्त असतं, ते हालचालीने पिळून बाहेर काढता येतं. तिसऱ्यात जरा जोर लागतो, पण वळवता येतं. चौथ्यात मात्र तुम्ही वणाशी भांडत असता. आता बाराव्या दिवशी मावशी कुठे होत्या? तिसऱ्यात. म्हणून मी मुलाला म्हटलं, "उद्याच्या एसटीने आईंना घेऊन या. परवा नको, उद्या."

सुजलेलं कोपर ७० ते ८० अंशात वाकून बसतं, कारण त्या अवस्थेत सांध्याच्या आवरणात सर्वात जास्त जागा असते. पाणी भरलं की हात आपोआप तिथे जातो, तिथे दुखणं कमी वाटतं, आणि माणूस हात पोटाशी धरून झोळीत ठेवून बसतो. घरचे म्हणतात, "आराम करू दे." हीच ती झोळी मी अनेकदा स्वतः काढून ठेवते. प्रवासात, गर्दीत ठीक आहे. घरात बसल्या बसल्या ती नको.

आता थोडे आकडे. कंटाळा करू नका, यावरच सगळं ठरतं. हात पूर्ण सरळ म्हणजे ० अंश. पूर्ण वाकवला, बोटं खांद्याला टेकली, की साधारण १४० ते १४५. हे मोजायला आमच्याकडे गोनिओमीटर असतो, कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ समजा. १९८१ साली मेयो क्लिनिकमध्येच बर्नार्ड मॉरे आणि सहकाऱ्यांनी रोजच्या १५ कामांसाठी कोपर किती हलावं लागतं हे मोजलं. जेवणं, पाणी पिणं, दार उघडणं, खुर्चीतून उठणं. उत्तर आलं ३० ते १३० अंश. शिवाय तळहात वर आणि खाली फिरवणं, दोन्ही बाजूंना ५०-५० अंश. गेली चाळीस वर्षं आम्ही सगळे हे ३० आणि १३० डोक्यात घेऊन फिरतोय. गंमत म्हणजे २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने आजची कामं घेऊन पुन्हा मोजलं, तेव्हा मोबाईल कानाला लावायला १३० पुरत नाहीत असं दिसलं. १९८१ मध्ये मोबाईल कुणाच्या कानाला होता? (आता त्यावर उपाय आहे. स्पीकर लावा. शेजारच्याला सगळं ऐकू जातं, पण ते तसंही जातंच.)

पण मी पेशंटला १३० हा आकडा सांगत नाही. मी विचारते, "तुम्हाला या हाताने काय करायचंय?" कारण सगळे अंश सारखे नसतात. हात पूर्ण सरळ होत नसेल तर माणूस एक पाऊल पुढे टाकतो, काम होतं. वाकणं कमी असेल तर काय करणार? तोंड हाताकडे किती नेणार? मान थोडी झुकते, त्यापुढे नाही. तसंच फिरवण्याचं. तळहात जमिनीकडे नेता येत नसेल तर खांदा बाजूला उचलून भागवता येतं. पण तळहात आकाशाकडे होत नसेल तर खांदा फारशी मदत करत नाही. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की लगेच कळतं. दुकानात सुटे पैसे घेताना कळतं. तोंड धुवायला ओंजळ धरताना कळतं. मावशींचं उत्तर एका शब्दाचं होतं. "घास." म्हणजे आमचं पहिलं काम होतं वाकवणं, दुसरं तळहात वर करणं. सरळ करणं तिसऱ्या नंबरावर. तुमच्या बाबतीत हा क्रम उलटा असू शकतो. रंगकाम करणाऱ्याला, उंचावरून सामान काढणाऱ्याला, हात लांब पोचायला हवा असतो.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशननंतर पर्याय काय काय असतात?

अगदी पहिले दोन-तीन दिवस हॉस्पिटलचे. हात छातीपेक्षा वर, उशांवर किंवा स्टँडला टांगून. बऱ्याच ठिकाणी पहिली रात्र पुढून जाड पट्टी बांधून हात सरळ ठेवतात, म्हणजे आत रक्त साठायला जागाच राहत नाही. दुखण्याचं औषध वेळेवर. इथे आपल्या लोकांची एक सवय आड येते. "गोळी नको, मी सहन करते." मावशी, काका, ही सहनशक्तीची स्पर्धा नाही. दुखलं की स्नायू आखडतात, दंडाचा पुढचा स्नायू तर कोपराच्या बाबतीत फारच भित्रा असतो, आणि मग व्यायाम होतच नाही. गोळी व्यायामासाठी घ्यायची असते. काही ठिकाणी काखेजवळ किंवा मानेजवळ बारीक नळी ठेवून नसेला दोन-तीन दिवस बधिरता देतात, तीही यासाठीच. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारा.

त्यानंतरचा पहिला पर्याय म्हणजे मशीन. सीपीएम, कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन. हात पट्ट्यात ठेवायचा, मशीन तो हळूहळू वाकवतं, सरळ करतं, तासन् तास. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवर प्रयोग करून ही कल्पना उभी केली. तेव्हा सांध्याला विश्रांती द्यायची हा धर्म होता, आणि हा माणूस म्हणत होता की सांधा हलताना चांगला बरा होतो. कोपरात याचा उपयोग होतो का? खरं सांगायचं तर उत्तर एकच नाही. बोस्टनच्या एका गटाने २००९ मध्ये, उघड्या ऑपरेशननंतर मशीन वापरलेले आणि न वापरलेले पेशंट जोडीजोडीने तपासले, फरक दिसला नाही. २०२२ मध्ये मेयो क्लिनिकने दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरच्या ५१ पेशंटवर चिठ्ठ्या टाकून चाचणी केली, त्यात मशीनचा फायदा दिसला. पण तिथे पेशंट ते मशीन घरी नेऊन दिवसाचे अनेक तास वापरत होते. आपल्याकडे काय होतं? दवाखान्यात जाऊन वीस मिनिटं मशीनवर हात ठेवायचा, बिल द्यायचं, घरी यायचं आणि हात झोळीत. त्या वीस मिनिटांसाठी कुणी मशीनच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. पहिले काही दिवस घरी भाड्याने मिळत असेल, सूज खूप असेल, सर्जन सांगत असतील, तर घ्या. नाहीतर तुमचा दुसरा हात हेच तुमचं सीपीएम.

दुसरा पर्याय तोच, आपल्या हाताने व्यायाम. मी बहुतेकांना एकाच स्थितीपासून सुरुवात करून देते. पाठीवर उताणं झोपायचं. दंड सरळ छताकडे. दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यायचा आणि पुढचा हात हळूहळू कपाळाकडे, मग डोक्याच्या वर उशीकडे पडू द्यायचा. पाडायचा नाही, पडू द्यायचा. गुरुत्वाकर्षण फुकट आहे आणि त्याला घाई नसते. खाली गेला की तिथे श्वास सोडत पंधरा-वीस सेकंद थांबायचं. मग स्वतःच्या ताकदीने परत वर. ही परत वर येण्याची क्रिया महत्त्वाची आहे, कारण त्यात मागचा स्नायू काम करतो आणि पुढचा भित्रा स्नायू सोडायला शिकतो. सरळ करण्यासाठी टेबलाशी बसायचं, दंडाखाली टॉवेलची गुंडाळी, तळहात वर, आणि मनगट टेबलाकडे सोडून द्यायचं. त्यावर दुसरा हात ठेवायचा, दाबायचा नाही. फिरवण्यासाठी कोपर बरगड्यांना चिकटवून, मध्ये घडी घातलेला नॅपकिन धरायचा. नॅपकिन पडला म्हणजे तुम्ही खांद्याने फसवताय. मुठीत लांब दांड्याची पळी धरा आणि तिच्या टोकाच्या वजनाने हात एकदा आत, एकदा बाहेर कलू द्या. मावशींनी पळीऐवजी लाटणं घेतलं. चाललं.

किती वेळा? दिवसातून एकदा तासभर नको. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. जागेपणी साधारण दर दोन तासांनी. सांधा रात्रभर किंवा चार-पाच तास तसाच राहिला की पुन्हा घट्ट व्हायला लागतो. मावशींच्या घरी घड्याळाकडे कोण बघणार? सूनबाईंनी युक्ती केली. सकाळचा चहा, भाजी चिरायला बसणं, दुपारचं जेवण आटोपल्यावर, चारचा चहा, दिवे लागणी, झोपताना. सहा झाले. डायरी नाही, ॲप नाही.

तिसरा पर्याय पट्ट्यांचा, म्हणजे स्प्लिंटचा. यावर लोकांचा सर्वात जास्त गोंधळ असतो. एक प्रकार डायनॅमिक, त्यात स्प्रिंग किंवा रबर असतं, ते हाताला सतत हलकं ओढत राहतं. हा बराच वेळ घालायचा, दिवसाचे सहा-आठ तास, बहुधा रात्री. दुसरा स्टॅटिक प्रोग्रेसिव्ह. त्यात ओढ सतत वाढत नाही. तुम्ही स्क्रू फिरवून हाताला एका कोनात नेता, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतपत, आणि तिथे ठेवता. दहा मिनिटांनी ताण सैल झाला की आणखी अर्धा फेरा. अर्धा-अर्धा तास, दिवसातून तीनदा. यातला साधा प्रकार म्हणजे टर्नबकल लावलेला. मांडव घालणारे लोखंडी तारा ताणायला जे दोन्हीकडून आटे असलेलं यंत्र वापरतात ना, तेच. मावशींना ते दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे माझा मांडव घालताय व्हय."

दोन्हींत चांगलं कोणतं? २०१२ मध्ये दुखापतीनंतर कोपर आखडलेल्या ६६ लोकांवर याचीच चाचणी झाली. निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरा. वर्षभर मोजलं. लक्षात येण्यासारखा फरक नाही. म्हणजे काय, तर जो तुम्ही खरोखर घालाल तो चांगला. रात्री झोपेची सवय नाजूक असेल तर स्प्रिंगवाला घालून तुम्ही तीन वाजता काढून फेकणार, मग स्क्रूवाला घ्या. दिवसा दुकानात, शेतात, खानावळीत असाल तर उलटं. मावशींना दिवसभर हात मोकळा हवा होता, पण झोप गाढ होती. तरी आम्ही त्यांना स्क्रूवाला दिला, कारण त्यांची बोटं रात्री सुजायची. तीन वेळा अर्धा तास, तोही वाकवण्याच्या दिशेला. रात्री फक्त सरळ ठेवणारा साधा पट्टा, ताण न देता. स्थानिक कृत्रिम अवयव केंद्रात बनवून घेतला, आयात केलेला नव्हता. पट्टा नीट बसतो का, खाली लाल वळ उठून राहतात का, हे पहिल्या दोन दिवसांत तपासून घ्यायचं. वळ वीस मिनिटांत गेले नाहीत तर पट्टा बदलायला परत न्यायचा, सहन करायचा नाही.

आता ज्यासाठी मला हा भाग करायचाच होता ते सांगते.

या पर्यायांच्या यादीत लोक आणखी एक पर्याय मनातल्या मनात धरून असतात. जोर. "मॅडम, एकदाच दाबून मोकळा करून टाका ना." "आमच्या गावात एक हाडवैद्य आहेत, गरम तेलाने चोळून ओढतात." "पाण्याची भरलेली बादली उचलून चालत जा, सरळ होतो." बादलीचं बघा. जड बादली धरली की कोपर वाचवायला दंडाचा पुढचा स्नायू आवळतो. म्हणजे जो स्नायू सोडायचाय तोच तुम्ही तासभर आवळून धरताय, आणि आतली ताजी शिवण ओढताय. चोळून ओढण्याचं तर त्याहून वाईट. कोपराच्या पुढे एक मोठा मांसल स्नायू हाडाला चिकटून आहे. तो फाटला, त्यात रक्त साठलं, की तिथे हाड तयार होऊ शकतं. स्नायूत हाड. आपल्याकडच्या ऑर्थोपेडिक्सच्या पुस्तकांत कोपराच्या दुखापतीनंतर मालिश करू नका हे ठळक लिहिलेलं असतं ते यामुळेच.

आणि हे मी हाडवैद्यांना नावं ठेवून मोकळी होत नाहीये. मी स्वतः हे केलेलं आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला. ऑपरेशन चांगलं झालेलं. परीक्षा जवळ, त्याला घाई, त्याच्या वडिलांना घाई, आणि मला त्या सर्जनपुढे चांगलं दिसायची घाई. रोज गरम शेक द्यायचा आणि रोज कालपेक्षा पाच अंश जास्त, हे मी डोक्यात घेतलं. तो दात आवळून पडायचा, टेबलाची कड धरून. रोज माझ्या वहीत आकडा वाढायचा. आणि रोज सकाळी आला की हात आदल्या दिवशीपेक्षा सुजलेला, गरम. मी सूज बघत होते आणि आकडा लिहीत होते. तीन आठवड्यांनी आकडा उतरायला लागला. पाचव्या आठवड्यात एक्स-रे काढला, कोपराच्या पुढे कापसासारखी पांढरी सावली. नवीन हाड. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर असं हाड मुळातल्या दुखापतीने होतं, ऑपरेशननेही होतं, डोक्याला मार लागलेल्यांत तर जास्तच होतं. म्हणूनच काही सर्जन ऑपरेशननंतर इंडोमेथॅसिनच्या गोळ्या देतात, निवडक पेशंटना किरणोपचाराचा एक डोस देतात. त्याचं हाड माझ्यामुळेच झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण ती रोजची सूज माझ्या हातांनी आणलेली होती, हे मला माहीत आहे. त्याला दुसरं ऑपरेशन लागलं. तो मुलगा माझ्यावर रागावला नाही. उलट जाताना वडील म्हणाले, "तुम्ही फार कष्ट घेतलेत." ते वाक्य मला अजून बोचतं.

तेव्हापासून माझ्या वहीत आकड्याच्या आधी एक रकाना असतो. आज सकाळी सूज कालपेक्षा जास्त की कमी? जास्त असेल तर त्या दिवशी ताण कमी, बर्फ जास्त, हात उंच. व्यायाम बंद नाही, फक्त हळू. घरी तुम्हीही हे करू शकता. कोपराभोवती त्याच जागी शिलाईचा टेप लावून घेर मोजा. व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासात दुखणं पहिल्यासारखं शांत झालं तर ताण बरोबर होता. रात्रभर ठणकलं तर जास्त झाला. व्यायाम करताना ताण जाणवणारच, ओढल्यासारखं होणारच. पण घाम फुटेल, श्वास रोखला जाईल असं दुखत असेल तर तो स्नायू आता ऐकत नाहीये, थांबा.

मावशींकडे परत येते. तेराव्या दिवशी त्या आल्या तेव्हा हात ४५ ते ८५ हलत होता. मोजून ४० अंश. मुलगा कोपऱ्यात उभा, चेहऱ्यावर तो व्हिडिओ. मी त्या दिवशी ताण दिलाच नाही. हात उंच करून बर्फ, पट्टी सैल करून पुन्हा बांधली, आणि झोपून हात डोक्याकडे सोडायला शिकवलं. सूनबाईंना शिकवलं, मुलालाही शिकवलं, कारण त्यांना गावाहून रोज येणं शक्य नव्हतं. एक दिवस येऊन जायचं म्हणजे खानावळीची एक दिवसाची कमाई गेली. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे, बाकी घरी. रोज संध्याकाळी मुलगा बाजूने एक फोटो काढून पाठवायचा, दंड आणि हात दिसेल असा, त्यावर मी कोन मोजायचे. तंतोतंत नसतो, पण कल कळतो.

तिसऱ्या आठवड्यात १०५ आले. मग चौथ्या आठवड्यात आकडा थांबला. सात दिवस तोच. हा टप्पा जवळपास सगळ्यांना येतो आणि इथेच लोक सोडतात, किंवा हाडवैद्याकडे जातात. मावशींनी मला फोनवर विचारलं, "बाई, खरं सांगा, इतकंच होणार का?" मी म्हटलं, आत्ता सांगता येत नाही. हे उत्तर कुणाला आवडत नाही. सर्जनशी बोलले. काही वेळा पहिल्या काही आठवड्यांत हालचाल अडकलीच, तर भूल देऊन हात हळुवार हलवून मोकळा करतात. हाही एक पर्याय आहे, पण तो थिएटरमध्ये, सर्जनच्या हाताने, नसेची काळजी घेऊन. त्यांनी सांगितलं, आणखी दोन आठवडे पट्टा वाढवून बघू. अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास, तीनऐवजी चार वेळा. त्या दोन आठवड्यांत १२ अंश मिळाले. थिएटरची गरज पडली नाही. पडली असती तरी त्यात कमीपणा नव्हता.

मध्येच त्यांना भाकरी थापायची होती. सहाव्या आठवड्यात मी हो म्हटलं, लहान भाकरी, परात ओट्यावर, उभं राहून. तो हलका, गोल फिरणारा हात औषधासारखा आहे. पण पाच किलो पीठ मळणं आणि पातेली उचलणं तीन महिन्यांपर्यंत नाही. त्या दोन्हींमधला फरक त्यांना समजावायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कोन मोजायलाही लागला नाही.

कुणाला लगेच डॉक्टरकडे जायचं, हे पटकन सांगते. करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या, बधिरपणा, किंवा हात वाकवताना तिथे करंट मारल्यासारखं. कोपर आपटल्यावर ज्या नसेत झिणझिण्या येतात तीच ही नस, अल्नर नर्व्ह. वर्षानुवर्षं न वाकलेला हात अचानक वाकायला लागला की ती ताणली जाते. व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी सर्जनना फोन. वाट बघायची नाही. ताप, टाक्यांतून पाणी, अचानक वाढलेली लाल गरम सूज, तेव्हाही. आणि एक, तुमच्या ऑपरेशनमध्ये लिगामेंट शिवलं असेल, हाड जोडलं असेल, बाहेरून बिजागरीची फ्रेम लावली असेल, तर मी आज सांगितलेल्यातल्या काही गोष्टी तुम्हाला चालणार नाहीत. कोणत्या दिशेला किती अंशांपर्यंत परवानगी आहे, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

किती दिवस चालतं हे? सर्वात जास्त फायदा पहिल्या तीन महिन्यांत होतो, त्यानंतर हळूहळू सहा महिने, कधी वर्षभर थोडं थोडं. आणि थिएटरमधल्या व्हिडिओत दिसतं तेवढं सगळं बहुतेकांना मिळत नाही. त्यातलं थोडं शरीर परत घेतंच. हे ऑपरेशनआधी सांगितलेलं बरं, म्हणजे बाराव्या दिवशी असा फोन येत नाही.

मावशी आता ३० ते १२५ वर आहेत. पूर्ण सरळ होत नाही, होणारही नाही. तळहात वर होतो, पण थोडा तिरका. मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाचा फोटो मुलाने पाठवला, पंगतीतला. त्यात त्या उजव्या हाताने जेवताहेत, मान जराशी पुढे झुकवून. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. मी नेहमीच्या सवयीने त्यावर कोन मोजला.

पुढच्या भागात खांदा. विशेषतः मधुमेह असलेल्यांचा गोठलेला खांदा, त्यावर तुमचे खूप प्रश्न आलेत. येते.